कोशावर झोपणारी बदकं

माघ सरत आला की माझा फोन वाजू लागतो. साकोलीत मला शोभाताई म्हणून ओळखणारे थोडे, बदकवाली बाई म्हणून ओळखणारे जास्त, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. कोणाचं बदक लंगडत असतं, कोणाचं अंडं घालायला बसतं आणि तसंच उठतं, कोणाच्या अंड्याचं कवच बोट लावताच दबतं. परवा एका बाईंचा फोन आला. त्यांनी हौसेनं दोन बदकं आणली होती आणि त्यातलं एक पाय टेकवेना. "ताई, कोनतं औषध लावू?" मी म्हटलं, औषधाचं नंतर बघू, आधी तुमचं बदक झोपतं कुठं ते सांगा. बाई म्हणाल्या, "पाय दुखून राहिला त्याचा, तुमी झोपाचं काहून विचारता?"

मी विचारते, कारण ते विचारायला मी एका अख्ख्या हंगामात शिकले आहे. लोकांना वाटतं बदक म्हणजे चपट्या चोचीची कोंबडी. कोंबडीचा पाय उकिरडा उकरायला केलेला. काटा असो, काच असो, ती आपली खरडत राहते. बदकाचा पाय पाण्यासाठी केलेला. तळवा मऊ, बोटांमधला पडदा त्याहून मऊ. जमिनीवर चालणं हे त्याच्या दृष्टीनं नाइलाजाचं काम, लग्नात नव्या चपला घालून फिरणाऱ्या वरमाईसारखं. त्याला तुम्ही सिमेंटच्या ओट्यावर ठेवा, धान कापलेल्या बांधीत धसकटांवरून हिंडवा, ओल्या घाणीत झोपवा, की तळव्याला बारीक चीर पडते, तिच्यावर काळी खपली धरते आणि आत पू साठतो. हे मी आता झोपेतही सांगू शकते. माझी लेक म्हणते, आई, तू सांगतेसच झोपेत.

आमच्या घरामागं एक लहानशी बोडी आहे. आमच्याकडं लहान तळ्याला बोडी म्हणतात. माघात तिचं पाणी काठ सोडून आत सरकतं, शिंगाड्याचे वेल उघडे पडतात, बाजूच्या बांधीतली लाखोरीचं पीक पिवळं पडायला लागतं. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे ते दिवस. अशा एखाद्या सकाळी खुराड्यातल्या भाताच्या तणसात हात घातला की हंगामातलं पहिलं अंडं हाताला लागतं. बाहेर अंगावर काटा येईल असा गारवा, आणि हातात ते ऊबदार अंडं. दरवर्षी मी ते गालाला लावते. नवरा दुकानात जायच्या घाईत असतो, तरी थांबून हसतो. त्या उबेबरोबर मला माझ्या माहेरचं, आंधळगावचं अंगण आठवतं, तिथला वास आठवतो, आणि भुरी आठवते.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. अर्धी माणसं बोलताना अजून जुन्याच हिशोबानं बोलत. कोणी गोंदियाला जिल्ह्यातलं म्हणाला की दुसरा त्याला सुधारायचा आणि मग दोघंही हसायचे. मी पहिल्या बाळंतपणासाठी साकोलीहून माहेरी निघाले होते. हातात पिशव्या, पोट पुढं, आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर मोहाडीकडची गाडी लागली आहे की नाही याचीच काय ती काळजी. कंडक्टरनं पुढची जागा दिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ड्रायव्हरला म्हणाला, "हळू घे गा, बाई भरल्या पोटाची हाये." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आमचं घर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं. बाबा खड्ड्याच्या मागावर विणायचे, सुती ताणा आणि कोशाचा बाणा. माय धागा काढायची. जंगलातून आलेले कोसे मोठ्या घमेल्यात राख घालून उकडायचे, मग एकेक हातात घेऊन त्याचं टोक शोधायचं आणि चारपाच कोशांची ती टोकं मांडीवर वळून एक धागा करायचा. मायच्या उजव्या मांडीवर त्या वळण्यानं एक गुळगुळीत पट्टा पडला होता. उकडलेल्या कोशाचा वास सगळ्या गल्लीत भरून राही. माझा नवरा सोयरीक पक्की झाल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं नाकाला रुमाल लावला होता, आणि बाबांनी जन्मभर त्याला त्यावरून सोडलं नाही. गरोदरपणात मला सगळ्या वासांचा वीट आला होता, भाताच्या वाफेचासुद्धा. या एका वासात मात्र मी पोटभर श्वास घेतला.

बदकं आमच्याकडं आली तीही कोशामुळंच. धागा निघाला की आत उरतो तो किडा, तेलकट, तपकिरी, बोटाच्या पेराएवढा. माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि बदकाला तो म्हणजे पुरणपोळी. माय धागा वळत बसली की तिच्या पायाशी बदकांची पंगत बसायची. ती हातातला कोसा रिकामा झाला की न बघता किडा बाजूला टाकायची आणि तो जमिनीवर पडायच्या आत कोणाच्या तरी चोचीत गेलेला असायचा. त्यांच्यात भुरी सगळ्यांत पुढं. राखाडी पिसांची, मान ताठ, आवाज फाटका. मायला ती पोरीसारखी होती. मी लग्न होऊन गेल्यावर तिनं भुरीशी बोलायला सुरुवात केली, असं बाबा सांगायचे, आणि भुरी शोभापेक्षा बरं ऐकते, असंही सांगायचे.

आता अंथरुणाचं सांगते. तुटलेला, गुंतलेला धागा आमच्या घरी चुलीत जात नसे आणि उकिरड्यावरही जात नसे. ज्यानं पोट भरतं ते जाळायचं कसं, असं बाबांचं म्हणणं. तो गुंता पोत्यात साठत राहायचा. त्या थंडीत बाबांच्या मनात आलं की बदकांना गार जमीन लागत असेल. त्यांनी पोतं सोडलं आणि खुराड्यात कोशाची गादी केली. चांगली हातभर उंच, सोन्यासारखी, मऊ. आलेल्यागेलेल्याला ते खुराड्याचं दार उघडून दाखवायचे. "मोठ्या घरच्या सुना कापसावर झोपतात गा, माही बदकं कोशावर झोपतात."

मी माहेरी पोचले त्याच आठवड्यात भुरी लंगडायला लागली. माय हळद-तेल लावून मोकळी झाली. बाबांनी बिब्बा काढला. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या की ते बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडायचे, आणि तोच उपाय भुरीला करायला निघाले. मी पोट सावरत उठले.

"बाबा, ते तुमची टाच नोहे. जळून जाईन पाय तिचा."

"माही टाच नाही जळली इतल्या वर्षांत."

"तुमच्या टाचेवर नांगर फिरवला तरी काही होनार नाही. हिचा पाय पाहा, केळीच्या पानावानी हाये."

माय हसली आणि बिब्बा परत डब्यात गेला. दुसऱ्या दिवशी बाबा सायकलच्या पिशवीत भुरीला घालून मोहाडीच्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी खपली मऊ करून जखम धुतली, जखमेत टाकायचं तांबडं औषध दिलं, आणि रोज मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय भिजवायला सांगितलं. पुसून कोरडा करा, पट्टी बांधा, कोरड्या मऊ जागेवर ठेवा, असंही बजावलं. बाबा घरी येऊन छाती फुगवून म्हणाले, "मऊ जागा आमाले सांगून राहिले ते! आमच्यापेक्षा मऊ कोनाकडं हाये?"

त्या सकाळी मला फार आवडायच्या. मी पायरीवर बसायची, समोर कल्हईच्या थाळीत मीठपाणी, मांडीवर भुरी. तिचं अंग तापलेलं, पिसांना कोशाचा वास. माझं पोट तिच्या पाठीला टेकायचं, आणि आत बाळ हललं की ती मान वळवून माझ्याकडं रागानं बघायची. आतून मागाचा आवाज. थंडीत गावोगाव होणाऱ्या नाटकांची गाणी कोणीतरी रेडिओच्या सुरात गुणगुणत गल्लीतून जायचं. भुरी आधी पाय ओढून घ्यायची, मग पाण्याची ऊब लागली की डोळे मिटायची. माणसाला काय किंवा बदकाला काय, दुखत्या पायाला कोमट पाण्याइतकं सुख दुसरं नाही.

तळव्याची जखम भरली. खपली पडली, खाली गुलाबी कातडं आलं. तरी लंगडणं राहिलं आणि सूज मधल्या बोटावर चढली. माय म्हणाली, हाड मोडलं असेल. बाबा म्हणाले, डॉक्टरच्या हाताला गुण नाही. मी पाय उजेडात धरून बसले. ऊन थेट पायावर येईल अशी फिरले. बोटाच्या मुळाशी एक बारीक वळी दिसली, कातड्याच्या सुरकुतीसारखी. पण दुसऱ्या पायाला तशी सुरकुती नव्हती. मी नखानं हलकेच चाचपलं आणि नखाखाली काहीतरी सरकलं.

"बाबा, माग थांबवा आन इकडं या. तुमचा चिमटा आना."

धागा होता. कोशाचा. बदकाच्या पायाच्याच रंगाचा, बोटाभोवती कितीतरी फेरे पडलेला आणि मांसात रुतलेला. ज्या माणसाला ताण्यातली एक तुटकी तार दाराशी उभं राहून दिसायची, त्याला तो दिसला नव्हता. ज्या बाईला डोळे मिटून कोशाचं टोक सापडायचं, तिलाही नाही. आम्ही सगळ्यांनी पायाच्या तळव्याकडं पाहिलं, कारण जखम तिथं दिसत होती, आणि रोज औषध लावून आम्ही भुरीला पुन्हा त्याच गादीवर नेऊन झोपवत होतो.

बाबांनी चष्मा लावला. गाठी काढायचा बारीक चिमटा आणि कातरी घेऊन ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी भुरीचं डोकं पदराखाली झाकलं, मायनं पाय धरला. एकेक फेरा कापून ते तो बाहेर काढत गेले, आणि सगळा निघाल्यावर तळहातावर घेऊन निरखू लागले.

"माहाच धागा होय," ते म्हणाले.

"तुमी कुठी धागा काढता?" माय म्हणाली. "वळ पाहा त्याचा. माह्या मांडीवरचा हाये."

मग त्या दोघांचं त्यावर भांडण झालं. खरंच झालं. कोणाचा धागा यावरून नवराबायको भांडताहेत आणि मधे मी बदक धरून बसले आहे. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दोघंही तो दोष स्वतःकडं ओढत होते. त्याच दुपारी बाबांनी गादी उचलून पुन्हा पोत्यात भरली आणि पोतं माळ्यावर टाकलं. खुराड्यात तणस आलं. भुरीचं बोट जरा वाकडं राहिलं, पण ती चालायला लागली, आणि पंगतीत पुन्हा पहिला मान तिचाच.

म्हणून मी फोनवर झोपायच्या जागेचं विचारते. बदकाचा पाय दुखला तर तळवा बघा, बोटं बघा, बोटांच्या मुळाशी बघा, आणि मग घरात बघा. बहुतेक वेळा काटा आपल्याच घरचा असतो. परवाच्या त्या बाईंनी शेवटी सांगितलं की बदकं गच्चीवर असतात, नव्या फरशीवर, आणि ती फरशी त्या रोज दोनदा फिनाइलनं पुसतात. मी त्यांना फार बोलले. मग डॉक्टरांकडं कधी न्यायचं, तेही नीट सांगितलं. मला रागावताही येतं आणि समजावताही येतं, फक्त त्याच क्रमानं येतं.

पायाचं निस्तरलं तसा फाल्गुन लागला. गल्लीतल्या पोरी होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापून भिंतीला वाळत घालायच्या. मोहाच्या फुलांचा गोड दर्प सकाळी सकाळी वाऱ्यावर यायचा. बदकांचा अंडी घालायचा भर होता आणि माझे दिवस भरत आले होते.

माय या काळात मला जेवू घालत नव्हती. हे ऐकायला कसं वाटतं मला माहीत आहे. बदकांना ती पोटभर किडे घालायची, दारावर आलेल्याला उपाशी जाऊ द्यायची नाही, आणि माझ्या ताटात मात्र मोजका भात. वर म्हणायची, "पुरे आता. लेकरू मोठं झालं तं निघनार नाही." उपकेंद्रातल्या सिंधू सिस्टर दर खेपेला येऊन माझं पोट तपासायच्या, गोळ्या देऊन जायच्या. लाल गोळ्या रक्ताच्या, पांढऱ्या हाडांच्या. सिस्टर वळणावर दिसेनाशा झाल्या की माय त्या गोळ्या कोनाड्यात ठेवून द्यायची. गोळ्यांनी गर्भ फुगतो, अशी तिची पक्की समजूत. साकोलीत घ्यायचे तेव्हा मला त्या खडूसारख्या लागायच्या, त्यामुळं मीही फारशी कुरकुर केली नाही. पोटऱ्यांत गोळे येऊन मी कळवळायची, तेव्हा ती माझे पाय चोळत बसायची, इतक्या मायेनं की गोळ्यांचं नाव काढायची हिंमत व्हायची नाही.

त्यामागं लीलामावशी होती. मायची मोठी बहीण, आंबागडला दिलेली. किल्ल्याखालचं गाव, तेव्हा पावसाळ्याबाहेरही गाडी धड पोचत नसे. पहिल्याच बाळंतपणात मावशी अडली आणि बाळासकट गेली. माय तेव्हा लहान होती आणि बहिणीच्या सोबतीला म्हणून तिथं राहायला गेली होती. एवढं आम्हाला ठाऊक होतं. यापुढं माय कधी बोलली नव्हती.

आणि एका सकाळी भुरी पंगतीला आली नाही.

ती भिंतीला लागून उभी होती, अंग उभट करून, शेपटी खाली दाबलेली. दर थोड्या वेळानं तिचं सगळं अंग जोर करायचं आणि काही होत नव्हतं. चोच अर्धी उघडी. मायनं तिला पाहिलं, हातातला कोसा खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू आत जाय."

"काहून?"

"जाय म्हनलं ना. इकडं पाहू नोको." मग बाबांना हाक मारली. "अजी, हिले घेऊन जा घरातून. कोनालेही द्या, कुठंही सोडा. अंडं अडलं हाये तिचं. भरल्या पोटाची पोरगी घरात असताना माह्या दारात नाही मरू देत मी तिले."

बाबा माझ्याकडं बघायला लागले. मी दारातच बसले, उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये, तेही गरोदर बाईनं, हे मला माहीत होतं. "भुरी गेली तं मी बी जातो. आजच्या गाडीनं जातो साकोलीले."

मी ठणकावून बोलले, पण मी घाबरले होते. बाहेर नेली असती तर ती नक्की मेली असती, आणि मग माझ्या बाळंतपणापर्यंत रोज मायच्या डोळ्यांत मला तेच बदक दिसलं असतं. तिचं भय मला सहन झालं नसतं. मला माझं बाळ हवं होतं, मला स्वतःला जगायचं होतं, आणि त्या घडीला हे सगळं एका बदकाच्या अंड्यावर येऊन ठेपलं होतं. शहाणपण कुठं होतं यात, असं आज कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की काहीतरी करायला हवं आणि ते मीच करणार आहे.

बाबा चौकातल्या फोनवरून डॉक्टरांशी बोलून आले. कोमट पाण्यात बसवा, मागच्या बाजूला तेल लावा, अंधारात ऊब द्या, हाडांची गोळी असली तर चुरून पाजा, अंडं आत फोडू नका, आणि दुपार टळेपर्यंत सुटली नाही तर घेऊन या. मी कोसा उकडायचं घमेलं घासलं आणि पाणी तापवून ओतलं. माय चुलीजवळ पाठ करून उभी होती. मी भुरीला पाण्यात ठेवणार तोच ती वळली, तिनं कोपर बुडवून पाहिलं आणि मला बाजूला सारलं.

"याले कोमट म्हनते का? सरक. जन्मभर पानी उकळवून राहिलो मी, आन हे मले गार पान्यात बदक बसवून दाखवते."

त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. मायनं पाणी हवं तसं केलं, भुरीला छातीपर्यंत बुडवलं, हळूहळू पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिला कोरडी करून आपल्या उजव्या मांडीवर घेतलं, बोटांना खोबरेल लावलं आणि पोटाखाली चाचपलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"सरळ हाये. वाटेवरच हाये," ती म्हणाली.

"दाबू नोको, माय."

"कोसा फोडाचा नसते हे तू मले शिकवतं का?"

नेमक्या त्याच वेळी सिंधू सिस्टर आल्या. त्यांचा माझ्या तपासणीचा दिवस होता. अंगणातला प्रकार बघून त्या पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "काकू, आज पेशंट कोन हाये?" बाबांनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "हाडाच्या गोळ्या तं शोभाले देल्या हाये मी. त्यातलीच एक चुरा."

माय मांडीवर बदक घेऊन बसलेली. शेवटी बाबांनी कोनाड्यातून गोळ्या आणल्या. सगळ्या. एकही पान फोडलेलं नव्हतं. सिस्टरनी ती पानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग माझ्या पायांकडं पाहिलं.

"पोटऱ्यात गोळे येतात का वो?"

"येतात."

मला वाटलं आता माय बोलणी खाणार. सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि भुरीच्या डोक्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "काकू, हिले काय खाऊ घालता?"

"किडे. पोटभर घालतो, कोनालेही विचारा."

"मंग कवच कशाचं बनवन ते? किड्याच्या अंगात हाड असते का? शिंपला नाही, चुना नाही. बदकाचं मले काही समजत नाही, काकू. बाईचं समजते. लेकराचे हाडं बनाले जे लागते ते पोरीनं खाल्लं नाही तं तिच्याच हाडातून जाते. शोभाचं बी तसंच होऊन राहिलं."

मायनं गोळी घेतली. वरवंट्यानं चुरली, गुळाच्या पाण्यात कालवली. "तोंड उघड वो, बाई माही," असं म्हणत चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडला. मग बाबांनी एक गोष्ट केली जी त्यांनी सणावारालाही केली नव्हती. त्यांनी चालू माग सोडला, ज्या खड्ड्यात पाय सोडून ते विणायचे तो तणसानं भरला आणि म्हणाले, "अंधार बी हाये आन ऊब बी हाये. ठेव इथं." भुरी मागाच्या खड्ड्यात गेली. वर अर्धं विणलेलं कापड. घरात आवाज नाही. मी जन्मल्यापासून दिवसाउजेडी त्या घरात एवढी शांतता ऐकली नव्हती. सिस्टर दुसऱ्या घरी तपासणीला गेल्या, जाताना म्हणाल्या, येते मी परत.

लेक चैत्रात झाली, भंडाऱ्याच्या दवाखान्यात, आरडाओरडा करत, काळ्याभोर जावळासकट. आता ती नागपूरला शिकते आणि सुट्टीत घरी आली की तक्रार करते, "आई, तुझ्या गोष्टीत मी एका ओळीत येते, बदक पानभर." मी तिला सांगते, तू जन्मलीस हे सगळ्यांना दिसतंच आहे, बदकाचं सांगायला माझ्याशिवाय कोण उरलं आहे? आणि खरं तर तिच्या जन्माची गोष्ट मला त्या मागाच्या खोलीतच सुरू झाल्यासारखी वाटते, आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो होतो तिथं.

त्या दुपारी ऊन अंगणातून कलायला लागलं आणि बाबा पिशवीला हात घालून मोहाडीला निघायच्या तयारीत उठले, तेवढ्यात खड्ड्यातून भुरीचा तो फाटका आवाज आला. ती तणस विस्कटत उभी राहिली, अंग झाडलं, आणि सगळ्यांना शिव्या दिल्यासारखी ओरडत अंगणात निघून गेली. खाली अंडं होतं. एका बाजूनं चपटं, कवच खरखरीत, जागोजागी सुरकुतलेलं. इतकं वेडंवाकडं अंडं मी नंतर कधी पाहिलं नाही. बाबा ते उचलून नाचवायला लागले, आणि सिंधू सिस्टर त्याच वेळी दारातून आत येत होत्या.

मायनं ते बाबांच्या हातून घेतलं. अंगठ्यानं त्याच्या सुरकुत्या चाचपल्या. मग म्हणाली, "सिस्टर, माह्या लीलीले ह्या गोळ्या भेटल्या असत्या तं?"

सिस्टरना हो म्हणता आलं असतं. त्यांनी हो म्हटलं नाही. "सांगता येत नाही, काकू. तिचं कायनं अडलं व्हतं ते पाहाले कोनी नव्हतंच ना तिथं."

"मी व्हतो," माय म्हणाली. "मी तिचा हात धरून बसलो व्हतो. लीली म्हने, भूक लागली. तिची सासू म्हने, देऊ नोको. मी नाही देलं."

सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मायनं अंडं सिस्टरच्या ओंजळीत दिलं, उठली, हात धुतले, पदराला पुसले. कोनाड्यातून गोळी काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा गडवा घेऊन समोर उभी राहिली. मी गोळी तोंडात टाकली. पाणी प्याले. ती हलली नाही.

"तोंड उघड," ती म्हणाली.

मी उघडलं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, जिभेखाली पाहिलं, दोन्ही गालांत पाहिलं, आणि मगच आत जाऊन माझं ताट वाढायला घेतलं.